पिल्लांच्या गाडीचा सायलेन्सर

"मग मी स्वतःचं दुकान कधी टाकायचं, उस्ताद?"

भूपाल चौगुलेनं हा प्रश्न त्या महिन्यात चौथ्यांदा विचारला होता.

दस्तगीर उस्ताद एका गंजलेल्या सायलेन्सरच्या पोटात बोट घालून काजळी तपासत होते. त्यांनी बोट बाहेर काढलं, पाहिलं, पायजम्याला पुसलं.

"जागा बघितलीस?"

"अंकली फाट्याला. अगदी हायवेवर. पेंटरशी बोलून ठेवलंय."

"बोर्डावर काय लिहिणार?"

"चौगुले सायलेन्सर. आवाजच सांगेल!"

उस्ताद पुन्हा काजळीकडे वळले...

मिरजेच्या मालगाव रस्त्यावर या धंद्यात एक जुना रिवाज होता. शागिर्दाच्या नव्या दुकानात गॅस वेल्डिंगची पहिली ज्योत उस्तादानं आपल्या हातानं पेटवायची. तशी पेटली नाही, तर जुनं गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी चढत नसे. भूपालकडे डिप्लोमा होता, सहा वर्षांचा सराव होता, जागाही होती. ज्योत तेवढी नव्हती.

त्याचा हात चांगला होता, हे कबूल केलंच पाहिजे. पण गल्लीतून जाताना म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरवायची आणि त्याला कर्तबगारी म्हणायचं, अशी एक टूम तेव्हा निघाली होती. शहाणीसुरती माणसंही पैसे मोजून गाड्यांना बोंबलायला लावत होती. भूपाल त्यातलाच. काम असं हवं की चार गल्ल्यांनी मान वळवली पाहिजे, असं तो म्हणे.

तेवढ्यात दारात एक डिझेल व्हॅन खोकत खोकत येऊन थांबली. मालन नरुटे खाली उतरली. उबवणी केंद्रातली एक दिवसाची कोंबडीची पिल्लं ती या व्हॅनमधून गावोगावच्या शेडवर पोचवायची. गाडी तिची, चालवायचीही तीच.

"चाचा, पाइप सडला. तयार माल बसत नाही. पिल्लांसाठी खालून हवेचा पंखा बसवलाय, तो आडवा येतो. तुमच्याकडं बनवून द्या."

"आणि?"

"आणि गडगडाट नको. पिल्लं घाबरली की एका कोपऱ्यात गोळा होतात. वरची जगतात, खालची गुदमरतात. मागच्या खेपेला साठ गेली."

उस्तादांनी भूपालकडे मान केली.

"हा बनवेल." मग भूपालला म्हणाले, "हा जमला, तर ज्योत पेटवायला मी येतो."

भूपाल चार दिवस त्या गाडीखाली राहिला म्हणायला हरकत नाही. त्यानं पंख्याला वळसा घालून पाइप असा वळवला, की धूर थेट डाव्या अंगाला बाहेर पडावा. वेल्डिंगचे टाके माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक बसले. जुना पाइप ज्या रबरी कड्यांवर लटकत होता, त्या त्यानं भंगारात फेकल्या. असली लोंबकळती कामं त्याला पसंत नव्हती. नवा पाइप त्यानं सात ठिकाणी थेट गाडीच्या सांगाड्याला, चासीला वेल्ड केला. आवाज जरा घुमावा म्हणून सायलेन्सरचं पोट आतून जवळजवळ मोकळं ठेवलं. नको म्हटलं तरी थोडा रुबाब हवाच की!

पाचव्या दिवशी मालन आली. उस्ताद गाडीखाली सरकले आणि पाइपला धरून त्यांनी एक हिसका दिला.

"हलत नाही?"

"हत्ती लावा, उस्ताद. हलणार नाही."

"छान झालाय. शोकेसमध्ये ठेवण्यासारखा."

भूपाल हसला. मग हसावं की नाही, हे त्याला कळेना.

उस्तादांनी व्हॅनचं मागचं दार उघडलं.

"बस आत."

"मी? मागं?"

"आज तू पिल्लू."

मालननं तोंडावर ओढणी धरली. दार बंद झालं, मालन पुढं शेजारी बसली आणि उस्तादांनी गाडी सुरू केली.

आत काळोख, रिकामे ट्रे आणि भूपाल. गाडी जागेवर होती तोवर ट्रे नुसते कुरकुरत होते. रस्त्याला लागल्यावर पत्रा बोलू लागला. बेडगच्या रस्त्याला वेग वाढला आणि अख्खी गाडी ढोल झाली. भूपालनं आधी ट्रे धरले, मग कान धरले. मग ओरडून पाहिलं. त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

वीस मिनिटांनी दार उघडलं, तेव्हा तो एका कोपऱ्यात अंग चोरून बसला होता.

"अगंबाई," मालन म्हणाली, "यानं पण कोपराच धरला की!"

भूपाल खाली उतरला. जबडा दोनदा उघडून मिटून पाहिला.

"दात हलले, उस्ताद."

"आणि पाइप?"

"पाइप... नाही हलला."

"इंजिन हलतं?"

"डिझेल आहे. हलणारच ते."

"तू पाइपला हलू दिलं नाहीस," उस्ताद म्हणाले. "मग हलायचं कोणी?"

भूपालनं वाकून पुन्हा एकदा गाडीखाली पाहिलं.

मग त्यानं ग्राइंडर उचलला. सातही जोड स्वतः कापले. प्रत्येक जोडाला त्याचा जीव वरखाली होत होता. उस्ताद समोर बसून चहा पीत होते. त्यांनी एकदाही "सावकाश" म्हटलं नाही. इंजिन आणि पाइप यांच्यामध्ये भूपालनं जाळीदार लवचिक तुकडा घातला. पाइप नव्या रबरी कड्यांवर टांगला. शेवटी सायलेन्सरचं पोट फाडून आत भोकांची नळी बसवली आणि भोवती आवाज गिळणारी काचलोकर ठासून भरली. रुबाब गेला.

आता पाइपला बोट लावलं तरी तो झुलत होता.

"ढिला वाटतो, उस्ताद."

"हं."

मालन गाडी घेऊन गेली. जाताना गाडीचा आवाज असा झालाच नाही. चार गल्ल्या सोडा, समोरच्या दुकानातल्या कुत्र्यानंही मान वळवली नाही. भूपालला ते फार लागलं.

आठवड्यानं मालनची व्हॅन शेजारच्या पंक्चरवाल्याकडे थांबलेली दिसली. भूपाल हातातलं काम टाकून धावला.

"ताई, पाइप कसा आहे?"

"कसला पाइप?"

"पाइप! सायलेन्सर! मी बसवला तो!"

"अय्या, तो होय?" मालन कपाळावर हात मारून हसली. "विसरलेच बघा. मी आपली चाकात हवा भरायला थांबले. काल आरगला गेले, परवा एरंडोलीला. सगळी वाट पिल्लांची चिवचिव ऐकत. एकसुद्धा मेलं नाही. पाइपचं काही ध्यानातच नाही आलं."

भूपाल परतला तो चेहरा पाडून. उस्ताद एका जुन्या सायलेन्सरवर ठोकत बसले होते.

"चार दिवस खपलो," भूपाल म्हणाला. "नंतर दोन दिवस पुन्हा. बोटं सोलली. आणि बाई म्हणते, विसरले!"

हातोडा थांबला.

"विसरली?"

"साफ विसरली."

"तूच आठवण करून दिलीस?"

"मीच, उस्ताद. लाज वाटली."

उस्ताद उठले. बादलीत हात बुडवले, कोपरापर्यंत धुतले. खुंटीवरचा सदरा अंगात घातला आणि चपला सरकवल्या.

"चल," ते म्हणाले. "दुकान कुठं घेतलंस, दाखव."