हळू झालेलं मशीन

“चाचा, जुनं विकून टाकावं, का त्यातच नवं घालावं?”

“काय, कानस?” मौलाचाचांनी मान वर न करता विचारलं.

“कानस नव्हे हो. कॉम्प्युटर.”

“असं होय. काल तू कानशीला नावं ठेवत होतास, म्हणून म्हटलं.”

अभिनंदनचे कान लाल झाले.

मिरजेत मौलाचाचांचं तंबोऱ्यांचं दुकान. तंबोऱ्याचा आवाज खुलवायचा तर तारांखालची घोडी घासावी लागते. केसभर जास्त घासली की आवाज गेलाच म्हणून समजा. त्याला जवारी काढणं म्हणतात. ते शिकायला अभिनंदन मगदूम तीन वर्षं येत होता. हात चांगला होता त्याचा, खोटं कशाला बोला. पण आपला हात चुकतो, हे काही केल्या त्याच्या गळी उतरायचं नाही. घोडी बिघडली की कानस वाईट. कानस बदलून दिली की उजेड वाईट.

त्या दिवशी तो स्कूटरवर पुढे-मागे खोकी बांधून आला होता. खोक्यांत त्याचा खेळायचा कॉम्प्युटर, पडदा, सगळं बिऱ्हाड. जयसिंगपूरचा एक जण चार वाजता दुकानातूनच ते घेऊन जाणार होता.

“झालं काय त्याला?”

“हळू झालंय. खेळातला डोंगर दिसायला वेळ लागतो. ऐन वळणावर गाडी अडकते. नवं ग्राफिक्स कार्ड घातलं तर झाडाचं पान न् पान दिसेल. पण पेटी जुनी, तिला ते झेपेल का, हा प्रश्न.”

“लाव.”

“अहो, पण चार वाजता…”

“या दुकानात काय चालतं, तीन वर्षं बघतोयस. वाजवून ऐकल्याशिवाय मी जुन्याला हात लावत नाही. मालकानं आधी माझ्यासमोर वाजवायचं. लाव.”

अभिनंदनने भोपळे बाजूला सारले, भिंतीवरच्या बटणाशेजारी पडदा मांडला, वायरी जोडल्या. खोक्याच्या तळातून दोन जॉयस्टिक निघाल्या. एक वापरून गुळगुळीत झालेली. दुसरीवर धूळ.

चाचांनी धुळीची उचलली.

“ही कुणाची?”

“ताईची. त्रिशलाताईची.”

“सांगलीला दिलेली ती?”

“हं. दर रविवारी यायची खेळायला. हा पडदाही तिच्याच पहिल्या पगारातला. पेटी मी जोडली, पडदा तिने आणला.”

“आता येत नाही?”

अभिनंदन वायर सरळ करत बसला. वायर सरळच होती.

“दिवाळीत शर्यत लावली. ती जिंकली. मी म्हटलं, तू कसली जिंकतेस, माझी गाडी अडकली. मशीनच हळू आहे. तर तिने ही खाली ठेवली आणि म्हणाली, मग मशीनशीच खेळ. तेव्हापासून फोन आईला करते. मला नाही.”

चाचांनी धुळीची जॉयस्टिक उलटसुलट करून पाहिली.

“म्हणून म्हटलं, नवं कार्ड घालावं. मशीन पळायला लागलं की येईल ती. आणि नाहीच येणार असेल, तर घरात ठेवून तरी काय करू? डोळ्यांपुढे नको.”

तंबोरे पुसायचं मऊ फडकं होतं, त्याने चाचांनी ती जॉयस्टिक पुसली. खाचाखाचांतून पुसली. मग पाय दुमडून पडद्यासमोर बसले.

“चल. मला शिकव.”

“तुम्ही?”

“का? माझे हात काय फक्त लाकडाला?”

पडद्याचे दोन भाग झाले. वरच्या अर्ध्यात अभिनंदनची गाडी, खालच्या अर्ध्यात चाचांची. शर्यत सुटली. चाचांची गाडी सुटली ती सरळ गवताच्या गंजीत.

“अहो चाचा, रस्ता डावीकडे आहे!”

“असू दे. इकडे बघ, म्हैस आहे. किती छान काढलीय रे!”

“म्हैस बघायला खेळतात होय?”

“मग कशाला खेळतात?”

अभिनंदनला हसू फुटलं. दिवाळीपासून या मशीनसमोर तो पहिल्यांदाच हसत होता. चाचा उलटे फिरले, विहिरीला धडकले, म्हशीला वळसा घालून पुन्हा गंजीत शिरले. आणि तेवढ्यात वळणावर वरची गाडी अडकली.

“बघा! बघा, अडकली का नाही? मी सांगत होतो!”

“माझीपण अडकली की.”

“हो, मशीन एकच ना. अडकलं की दोन्हीकडे अडकतं.”

चाचांनी त्याच्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. घोडीकडे बघतात तेवढंच.

शर्यत संपली. पडद्यावर नावांची यादी आली.

“हे काय लिहिलंय? मला इंग्रजी येत नाही. वाच.”

“काही नाही हो. आजवर सगळ्यात वेगात कोण पोचलं, ते.”

“वाच ना.”

“पहिलं… त्रिशला.”

“दुसरं?”

“त्रिशला.”

“तिसरं?”

“…त्रिशला.”

“आणि तू?”

“चौथा.”

“तिचं मशीन वेगळं होतं?”

“नाही.”

बाहेर टांगलेला भोपळा वाऱ्यानं दाराच्या चौकटीवर टकटक वाजत होता. अभिनंदन यादीकडे बघत राहिला. त्याने ती पूर्वीही शंभरदा पाहिली होती.

मग त्याचा फोन वाजला. जयसिंगपूरचा माणूस. निघालोय म्हणाला, वीस मिनिटांत पोचतो.

अभिनंदनने फोन हातातच धरला. आवाज अगदी खाली आला होता.

“चाचा… सांगा ना. विकू, का नवं घालू?”

मौलाचाचा उठले. दुसरी जॉयस्टिक त्यांनी त्या मऊ फडक्यात गुंडाळली आणि त्याच्या मांडीवर ठेवली. जाऊन आपल्या जागेवर बसले, तंबोरा पुढ्यात ओढला, कानस हातात घेतली. तीच, कालची.

“मला काय विचारतोस, बाळ? ते जिचं ऐकतं, तिला विचार.”