न रडणारी मुलगी

एकदा एका वृद्ध वैद्याने ऐन बाजाराच्या दिवशी आपला दवाखाना बंद ठेवला आणि नदीवर बसून एका तान्ह्या मुलीची दुपटी धुतली. पुढे तीन आठवडे तो रोज सकाळी हेच करत राहिला. ज्याच्या नाडीपरीक्षेला साऱ्या पंचक्रोशीत मान होता, त्या माणसाने असे का करावे हे गावाला कळेना. त्याच्याजवळ सात वर्षे विद्या शिकलेल्या शिष्यालाही कळेना.

घडले होते ते असे.

गावाबाहेर नदीकाठी गोसाव्यांचा एक मठ होता. तिथे झाडलोट करणारी येसू नावाची तरुण स्त्री आपली दोन महिन्यांची मुलगी घेऊन वैद्याकडे आली. येसूचा नवरा सिदू दूरच्या दगडखाणीवर कामाला असे. महिन्यातून एकदा घरी येई. घरात आणखी कुणी नव्हते. दोन वर्षांपूर्वी तिचा पहिला मुलगा तापाने गेला होता.

"तशी आजारी नाही ही," येसू म्हणाली. "उलट फार शहाणी आहे. रडत नाही, त्रास देत नाही. आळीतल्या बाया म्हणतात, नशीबवान आहेस. पण हिच्या अंगाला काही लागत नाही, आबा. म्हटलं, एकदा दाखवावं."

वैद्याने मुलीला मांडीवर घेतले. तिचे हातपाय सैल होते, मान एका बाजूला कलली होती. त्याने तिच्या तळपायाला हलकीशी टिचकी मारली. मुलीने डोळे उघडले आणि लगेच मिटले.

"जरा पाज बघू तिला," वैद्य म्हणाला.

येसूने तिला पदराआड घेतले. मुलीने चार घोट घेतले, तोंड थांबले आणि ती तशीच झोपी गेली.

"दिवसाला दुपटी किती ओली होतात?"

"तीन होतात. कधी दोनच."

येसूच्या लुगड्याला येणारा गांजाचा उग्र वास त्याच्या ओळखीचा होता. त्याने शांतपणे विचारले, "मठातली चिलीम तू कधीपासून ओढतेस, पोरी?"

शेजारी औषध कुटत बसलेल्या शिष्याने चमकून वर पाहिले. येसूने मात्र काही लपवले नाही.

"पोरगा गेला तेव्हापासून. झोपच लागेना. मठातल्या म्हाताऱ्या गोसाव्याला दया आली, त्याने दिली. ही पोटात होती तेव्हा कमी केली होती. बाळंत झाले तशी कंबर धरली, मनही पुन्हा तिकडेच जायला लागलं. आता दिवसातून दोनतीनदा होते. पण पोरीजवळ कधीच ओढत नाही. बाहेर जाते, चूळ भरते, हात धुते, मगच हिला घेते."

"धूर बाहेर राहतो, येसू. त्यातलं जे तुझ्या अंगात जातं, ते दुधात उतरतं."

"पण ते झाडाचंच आहे ना? तुमच्याही औषधात घालतात म्हणे."

"घालतो. मोठ्या माणसाला, मोजून. ही तर अजून हातभर नाही."

येसूने मुलीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग अगदी हळू आवाजात तिने विचारले, "म्हणजे ही शहाणी नाही?"

"ही गुंगीत आहे. भूक लागली तरी तिला जाग येत नाही."

येसू रडली नाही. फक्त मुलीच्या कपाळावरचा हात तिने काढून घेतला, जणू तो हातही आता तिला लावायचा नव्हता.

"आज सोडली, तर उद्या माझं दूध चांगलं होईल?"

"नाही होणार. गांजा शरीराच्या चरबीत मुरून बसतो आणि हळूहळू उतरतो. नेमके किती दिवस, ते मलाही सांगता येणार नाही. तीन आठवडे तरी धरून चालू."

कुंभारआळीत भागू नावाची एक लेकुरवाळी होती. वैद्याने तिला विनंती केली आणि ती मुलीला पाजायला तयार झाली. येसूने आपले दूध आटू नये म्हणून दिवसातून सहासात वेळा ते पिळून टाकायचे, असे ठरले. पहिल्या दिवशी भागूने ओसरीवर बसून मुलीच्या गालाला बोट लावत, तिला पुन्हा पुन्हा जागे करत पाजले. तेव्हा येसू परसात उकिडवी बसून आपले दूध मातीत टाकत होती. दोघींच्या मध्ये एक भिंत होती.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दवाखान्यापुढे बाहेरगावचे रोगी येऊन बसले होते आणि वैद्य येसूच्या दारात उभा होता. त्याने कोपऱ्यातली ओली दुपटी उचलली, रिकामी घागर घेतली आणि "तू जरा पड" एवढेच म्हणून तो नदीकडे निघाला.

घाटावरच्या बाया आधी संकोचल्या, मग हसल्या. चार दिवसांत गोष्ट गावभर झाली. कुणी म्हणाले, म्हाताऱ्याला चळ लागला. कुणी म्हणाले, गांजा ओढणारीचे इतके लाड कशाला? तिला चार शब्द सुनवायचे सोडून हा तिची सेवा करतो आहे.

पाचव्या दिवशी शिष्य घाटावर आला. वैद्य दगडावर दुपटे आपटत होता.

"गुरुजी, रोगी परत जातात. लोक हसतात. तुम्ही दुपटी मोजताय, मुलगी किती दूध पिते ते त्यावरून ताडताय, हे मला समजलं. पण मोजायचं काम मी करतो. तुम्ही दवाखान्यात चला."

"मोजता येसूलाही येतं," वैद्य म्हणाला. "परवा पाच झाली, काल सहा. तिनेच मला सांगितलं."

"मग तुम्ही इथे का?"

वैद्याने दुपटे पिळले आणि बाजूला ठेवले.

"तिच्या मुलाला ताप आला तेव्हा औषध माझंच चालू होतं. तो गेला. मी तिला म्हणालो, धीर धर. मग घरी आलो आणि जेवलो. त्यानंतर त्या दारात मी गेलो नाही. दुसरंही कुणी गेलं नाही. ती पाणी भरत राहिली, मठ झाडत राहिली आणि जागी राहिली. तुला झोप लागते का, हे तिला एका गोसाव्याने विचारलं. त्याच्याजवळ देण्यासारखं जे होतं, ते त्याने दिलं. ते वाईट होतं, पण मी तर काहीच दिलं नव्हतं. आज मी तिच्या हातातली चिलीम काढून घेतली आहे. आता त्या गुंगीने जे झाकलं होतं ते सगळं उघडं पडेल. तिची झोप उडेल, जीव कासावीस होईल, तो मुलगा समोर येऊन उभा राहील. ते तिने एकटीने सोसायचं आणि मी गादीवर बसून पथ्य सांगायचं, याला मी चिकित्सा म्हणणार नाही. तिचं दुःख मला उचलता येत नाही. घागर उचलता येते. तिला दोष द्यायला गाव पुरेसं आहे."

शिष्याने घागर बुडवून भरली आणि खांद्यावर घेतली.

ते दिवस सोपे गेले नाहीत. येसूला रात्री झोप लागत नसे, अन्नाची वासना होत नसे. एका दुपारी ती मठाच्या फाटकापर्यंत गेली. तिथे कितीतरी वेळ उभी राहिली आणि परत आली. त्या दिवशी ती वैद्याला म्हणाली, "मुलगा गेला तेव्हा मी रडलेच नव्हते, आबा." मग ती मुलाविषयी बोलत राहिली. त्याला गूळ कसा आवडे, तो कुणाच्या हाका ओळखी, शेवटच्या दिवशी त्याने पाणी मागितले होते ते. वैद्य उठून गेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मुलगी भुकेने रडली. घसा फुटेल असे, हातपाय झाडून रडली. काय झाले म्हणून शेजारच्या बाया धावत आल्या. येसू भिंतीला टेकून ते ऐकत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पुढे काही दिवसांनी, वैद्याने सांगितल्यावर, तिने मुलीला पुन्हा आपल्या अंगावर घेतले.

मुलगी वाचली, वाढलीही. पण बसली उशिरा, पावले टाकली ती दोन वर्षांची होत आल्यावर. तिच्या वयाची मुले आईला हाक मारू लागली तेव्हा ती फक्त टक लावून बघत असे.

एकदा येसूने वैद्याला विचारले, "माझ्यामुळे झालं का हे?"

वैद्य म्हणाला, "मला माहीत नाही. काही मुलं उशिराच चालतात, उशिराच बोलतात. त्या दिवसांनी तिचं काही नेलं असेल, नसेलही. ते नाडीत कळत नाही."

"नुसतं ‘नाही’ म्हणाला असतात तरी चाललं असतं, आबा."

"माहीत आहे," वैद्य म्हणाला, आणि तिच्या शेजारी बसून राहिला.

काही वर्षांनी वैद्य गेला आणि त्याची गादी शिष्याकडे आली. कुणी तान्हे मूल घेऊन आले की तो आधी आईकडे वळे. "तुला झोप लागते का, बाई?" असे विचारी आणि तिचे बोलणे पुरते संपेपर्यंत थांबे. मुलाला तो त्यानंतर हात लावी.