चारच कोंबड्या

एका गावात हौसाबाई राहत असे. देवीपुढे दिवा लावून तिने ठरवलं, अंगणात चार कोंबड्या पाळायच्या. गावचे इनामदार आबासाहेब अर्धलीने कोंबड्या देत. निम्मी पिल्लं त्यांची, आणि हरवलेली कोंबडी पाळणाऱ्याने भरून द्यायची. हौसाबाई त्यांच्या दारी गेली.

"चारच?" आबासाहेब चारचौघांत हसले. "अगं, माझ्याकडे शंभर आहेत. नेशील तर चाळीस ने, नाहीतर रिकामी जा!"

"सगळ्या रोज घरी येतात ना, आबासाहेब?"

"न येऊन जातील कुठे? आजवर एक हरवली नाही."

हौसाबाईने बरोबर आणलेल्या टोपलीवरचं फडकं काढलं. आतली ठिपक्यांची कोंबडी उडी मारून तडक इनामदारांच्या खुराड्यात शिरली.

"तीन दिवस माझ्या चुलीमागे बसली होती. कुणीतरी शोधत येईल म्हणून मी वाट पाहिली. शंभरांतली एक गेली ते तुम्हाला कळलं नाही. चारांतली गेली, तर मला दिवेलागणीलाच कळेल. म्हणून चारच मागते."

आबासाहेब ओशाळले. गड्याला म्हणाले, "हिला चार दे. आणि उरलेल्या आधी मोज!"

अशी सुबुद्धी देवी तुम्हांआम्हांलाही देवो.