सुलभाने बेतलेलं कर्ज

आमच्या घराचं कर्ज कमी व्याजाच्या बँकेत न्यायचं ठरलं. अठरा लाख फिटायचे होते, दहा वर्षं उरली होती आणि माझी निवृत्ती नऊ वर्षांवर होती.

नव्या बँकेचे मॅनेजर दिवेकर म्हणाले, "बावीस लाख घ्या. हप्ता आत्ताइतकाच बसेल, वर चार लाख हातात. वहिनी, हे काही ब्लाउजचं माप नाही, आमच्यावर सोडा."

माझी बायको सुलभा ब्लाउज शिवायची. तिने विचारलं, "हप्ता तेवढाच, मग वर्षं किती?"

"बारा," ते जरा हळू म्हणाले.

"आणि अठराच घेऊन हाच हप्ता भरला तर?"

दिवेकरांनी कॅल्क्युलेटरवर बोटं चालवली. "पावणेनऊ."

"मग अठराच द्या, साहेब. गिऱ्हाइकाने कापड जास्त आणलं म्हणून मी ब्लाउज ढगळ शिवत नाही. यांच्या निवृत्तीआधी घर मोकळं झालं पाहिजे."

दिवेकरांनी अर्ज पुढे केला. पहिल्या अर्जदाराच्या जागी मी तिलाच सही करायला लावली.

घराचे कागद सोडवून आणले तेव्हा मी अजून नोकरीत होतो. सुलभा तोवर गेली होती. बँकेने कागद दिलेल्या पाकिटावर पहिलं नाव तिचंच होतं.