रिकाम्या हातांचा सर्व्हर

“पण पाप माझं की यंत्राचं, बाबा? एवढंच सांगा.”

हृषीकेश तायशेटे पुन्हा तेच विचारत होता. खाडीकाठच्या दर्ग्यापाशी शहाबुद्दीन बाबा चटई टाकून बसत. लोक त्यांच्याकडे दुःख घेऊन यायचे. हा मात्र निकाल मागायला आला होता.

“यंत्र करायचं काय?” फकिराने विचारलं.

हे सांगताना हृषीकेशचा आवाज जरा सावरला. गडी हुशार होता, आणि हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नव्हतं. साप चावलेल्या माणसाला जवळची लस कुठे मिळेल, हे मोबाइलवर सांगणारी सेवा त्याने उभी केली होती. लोकांचे प्रश्न बऱ्याच सर्व्हरवर, म्हणजे उत्तर शोधणाऱ्या संगणकांवर, वाटले जायचे. ज्याच्या हातात सगळ्यात कमी काम, पुढचा प्रश्न त्याला. हा नियमही हृषीकेशनेच घातलेला.

“नियम चांगला आहे.”

“होता ना! पण एक सर्व्हर बिघडला. लसींची माहितीच त्याला दिसेना. येईल त्या प्रश्नाला ‘कुठेही शिल्लक नाही’ म्हणायचा आणि क्षणात मोकळा व्हायचा. हात कायम रिकामे. म्हणून सगळे प्रश्न त्याच्याकडेच जात राहिले. नीट शोधून उत्तर देणारे बाकीचे नुसते बसून.”

“बिघडलाय हे कुणाला कळलं नाही?”

“प्रश्न वाटणारं यंत्र त्याला सारखं विचारायचं, जिवंत आहेस का? तो म्हणायचा, आहे.”

बाबांनी डोळे मिटून घेतले.

“कोण गेलं?”

“एक मुलगी…”

“नाव?”

“तिचं नाही ठाऊक. आईचं शेवंती. लस शेजारच्याच गावात होती, बाबा. बाईंनी उत्तर वाचलं आणि पोरीला मांडीवर घेऊन बसून राहिल्या. जाणार तरी कुठे होत्या?”

बाबा चटईवर थोडे सरकले. त्याला शेजारी बसवून त्यांनी त्याचा हात हातात घेतला.

मग काहीच नाही…

खाडीला ओहोटी लागली होती. त्याच्यामागून बाबांकडे आलेली माणसं गुपचूप खाली बसली. हृषीकेशला ती शांतता सोसवेना. त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागत नव्हतं, आणि आज इथेही हाती काही लागणार नाही, असं वाटून त्याचा धीरच सुटला.

“शिव्या द्या. नाहीतर माफ केलं म्हणा. काहीही चालेल!”

…

“बाबा, बोला ना! मला आत्ताच्या आत्ता उत्तर हवंय.”

बाबांनी हात सोडला नाही.

“शेवंतीलाही आत्ताच्या आत्ताच मिळालं होतं, बेटा.”