बाबांनी बोलावलेला कुत्रा

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. पहाटे दाट धुकं, पेरूच्या पानापानावर दहिवर. नंतर लख्ख ऊन. वारा नावालाही नाही.

टेकडीच्या पायथ्याशी पेरूची मोठी बाग होती. बागेच्या कोपऱ्यात गवतानं शाकारलेली एक इवलीशी झोपडी होती. तिथं तुळजा, तिची आई आणि तिचे बाबा गेनू राहायचे. बाबा बागेची राखण करायचे. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण त्यांचे हात भारी बोलके होते. मूठ गालाला लावली की पेरू. बरगड्या खाजवल्या की वानर. नाकाशी चिमूट धरली की तुळजा, कारण तुळजाच्या नाकात चिमुकली मोरणी होती. ही बोली तिला आईच्या मांडीवर असल्यापासून येत होती.

त्या वर्षी टेकडीवरची वानरं फार सोकावली होती. बाबांची पाठ वळली की ती कुंपणावरून हळूच उतरायची, पिकले पेरू चावायची आणि अर्धे टाकून द्यायची. फांदी मोडली तरी बाबांना कळणार कसं?

त्या सकाळी बागेच्या मालकीण बायजाकाकी तरातरा आल्या. तुळजाच्या आईला म्हणाल्या, "आज दिवस मावळायच्या आत राखणीला चांगला कुत्रा आणा. नाहीतर उद्यापासून दुसरा राखणदार येईल, आणि ही झोपडी त्याला द्यावी लागेल."

"काकी, कुत्रा काय झाडाला लागतो होय?" आई म्हणाली.

"झाडाला लागलेलं तर वानरंच खातात!" असं म्हणून काकी आल्या तशा निघून गेल्या.

तुळजाच्या मनात आलं, ही झोपडी गेली तर जायचं कुठं?

त्या दिवशी चंपाषष्ठी होती. खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि कुत्र्याला घास घालायचा, अशी तिथली रीत. आईनं बाजरीचे छोटे छोटे रोडगे भाजले. तुळजा एका हातात आपला रोडगा आणि दुसऱ्या हातात कुत्र्याचा घास घेऊन बांधावर गेली.

बांधावर शेवंती फुलली होती. पिवळीधमक, गोंडेदार, दंवानं चमचमणारी. त्यातल्या एका फुलात काहीतरी थरथरत होतं. तुळजानं वाकून पाहिलं. करंगळीएवढी परी! पंख सोनसळी, झगा हळदीच्या रंगाचा, आणि दहिवरानं बिचारी चिंब भिजलेली.

"भूक लागलीय गं," परी कुडकुडत म्हणाली. "तो घास देतेस?"

"हा नाही देता येणार. हा कुत्र्याचा आहे," तुळजा म्हणाली. "पण हा माझा आहे, तो घे. अजून गरम आहे."

परीनं रोडग्याला पंख टेकून ऊब घेतली. मग मिटक्या मारत सगळा रोडगा खाल्ला. इवल्याशा पोटात तो मावला कसा, हे तिलाच ठाऊक!

"दुसऱ्याचा घास तू मला दिला नाहीस, आपला दिलास," परी म्हणाली. "माग काय हवं ते."

"आमच्या घराला शोभेल असा एक कुत्रा दे."

"कुत्रे मी आणीन. पण नियम ऐक. त्याला ओढायचं नाही, बांधायचं नाही, खाऊ दाखवायचा नाही. नुसतं बोलवायचं. आणि घरातल्या प्रत्येकाच्या बोलावण्याला जो येईल, तोच तुमचा. दिवस मावळला की इच्छा संपली."

परीनं शेवंतीला फुंकर घातली. पाकळ्या भिरभिरत उडाल्या आणि गावोगावचे बेघर कुत्रे घेऊन आल्या. काळेभोर, तांबूस, गुळाच्या रंगाचे, झुपकेदार शेपटीचे, लोंबत्या कानांचे! सगळी बाग शेपट्यांनी हलू लागली.

तुळजानं आईबाबांना बोलावून नियम सांगितला. आधी आई पुढे झाली. पण दिवसभर पोपट हाकलून तिचा आवाज चांगलाच तापलेला असायचा. तिनं कंबरेवर हात ठेवले, छाती भरून श्वास घेतला, आणि सवयीनं तोंडातून निघालं, "हाऽऽड्!"

निम्मे कुत्रे कुंपणापलीकडे पळाले.

"अगं आई! 'यू यू' म्हणायचं!"

"माझ्या मेलीच्या तोंडाला वळणच तसं पडलंय," आई म्हणाली. मग तिनं हळूच 'यू यू' केलं. गुळाच्या रंगाचा एक देखणा कुत्रा तिच्याकडे आला. तुळजानं बोलावलं, तर तिच्याकडेही आला. तुळजानं आनंदानं उडीच मारली.

आता बाबांची पाळी. बाबांनी तोंड उघडलं. "आऽ" असा आवाज आला. कुत्र्यानं एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. बाबांनी पुन्हा आवाज दिला. कुत्रा जांभई देऊन बसून राहिला. बाकीच्यांनीही तसंच केलं. बाबांची मान खाली गेली.

ऊन कलायला लागलं. परी तुळजाच्या कानाशी येऊन कुजबुजली, "मी घटकाभर डोळे मिटते. बाबांना मोजायचंच नाही. तुम्ही दोघींनी बोलावलंत, तेवढं पुरे. घ्या हा कुत्रा."

तुळजानं गुळाच्या रंगाच्या कुत्र्याकडे पाहिलं. किती छान होता तो! मग तिनं झोपडीकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण मान ताठ राहिली.

"नको," ती म्हणाली. "आमचं घर म्हणजे आम्ही तिघं. आमचे बाबा नुसते राहत नाहीत घरात, घर राखतात. त्यांचं बोलावणं ज्याला कळत नाही, तो आमचा कसा?"

मग तिनं बाबांकडे वळून हातांनी सांगितलं, "तुम्ही आपल्या बोलीत बोलवा."

बाबांनी हात उंच केला. पाची बोटं पसरली, आणि एकेक करून स्वतःकडे मिटली. ये.

बोरीच्या झुडपाखाली एक पांढरा कुत्रा बसला होता. आईच्या ओरडण्यानं तो पळाला नव्हता, कुणाच्या 'यू यू'नं हललाही नव्हता. त्यानं बाबांचा हात पाहिला मात्र, तो ताडकन उठला! धावत आला आणि बाबांच्या पायाशी बसून त्यांच्या बोटांकडे टकमक बघू लागला. तुळजानं हात केला, तिच्याकडे गेला. आईनं एका हातानं आपलं तोंड गच्च दाबलं आणि दुसऱ्या हातानं खूण केली. तिच्याकडेही गेला.

"याला ऐकू येत नाही," परी हसून म्हणाली. "गावात सगळे याला खुळा म्हणायचे. बोलावलं तरी येत नाही म्हणून."

"खुळा नाही," तुळजा म्हणाली. "त्याला कुणी नीट बोलावलंच नव्हतं." आणि कुत्र्याचा घास तिनं त्याला भरवला. बाकीचे कुत्रे पाकळ्यांमागून आपापल्या गावी परतले.

तेवढ्यात बायजाकाकी आल्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "राखणदार बहिरा, आता कुत्राही बहिरा! वानरांना आमंत्रणच धाडा की!"

"काकी, थोडं थांबून बघा," तुळजा म्हणाली.

थांबावं लागलंच नाही. पांढऱ्या कुत्र्यानं नाक वर केलं, पाय मातीवर घट्ट रोवले आणि बाबांचं धोतर दातांत धरून ओढलं. बाबा वळले. टेकडीच्या बाजूनं वानरांची टोळी कुंपणावर चढत होती. बाबांनी गोफण फिरवली. दगड कुंपणाच्या मोकळ्या खांबावर खाडकन आदळला. मागोमाग कुत्रा झेपावला. वानरं एकमेकांच्या शेपट्यांवर पाय देत टेकडीवर पळाली. एकाही पेरूला दात लागला नाही.

काकी थक्क झाल्या. "भुंकला असता, तर गेनूला कळलं तरी असतं का?" त्या स्वतःशीच पुटपुटल्या. मग तुळजाला म्हणाल्या, "पोरी, 'शाब्बास'ला तुमच्या हातांत काय म्हणतात गं?"

तुळजानं दाखवलं. पंजा छातीवर, मग समोरच्याकडे. काकींनी बाबांपुढे उभं राहून तसंच केलं. नंतर खाली वाकून कुत्र्यालाही केलं. बाबांची छाती रुंद झाली. तुळजाला वाटलं, आपण टेकडीपेक्षाही उंच झालो.

सूर्य टेकडीला टेकला. परीनं पंख पसरले. शेवंतीचं फूल न् फूल दिव्यासारखं उजळलं. सोन्याची भुकटी उधळल्यासारखा उजेड झाला, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

काकींनी बागेची राखण गेनूंकडेच ठेवली. झोपडी तिघांकडे राहिली, आणि पांढरा कुत्रा त्यांच्याजवळ राहिला.