खडा नसलेले रोखे

फार जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. तिथल्या एका डोंगरात दोन भावांची तांब्याची खाण होती. थोरला वर बसून व्यवहार पाही, धाकटा माणसं घेऊन खाली उतरे. खालचं छत सागाच्या टेकूंवर उभं असे आणि ते टेकू दरवर्षी पावसाआधी बदलावे लागत.

तांबं उधारीवर जाई. घेणारा रोखा लिहून देई: इतकं तांबं घेतलं, अमुक दिवशी व्याजासह इतक्या मोहरा देईन. दसऱ्याला सगळ्या कामकऱ्यांसमोर सतरंजीवर खाणीची मत्ता मांडली जाई. एका बाजूला तांब्याच्या विटा, मध्ये नाणी, शेवटी रोखे. त्यांच्या बापाने त्यात एक रीत घालून दिली होती. मुदत टळलेल्या रोख्यावर खाणीतला काळा खडा ठेवायचा आणि तो रोखा निम्माच धरायचा. दोन खडे चढले की तो मोजायचाच नाही. रोख्याची किंमत कागदावर पाहू नये, देणाऱ्याच्या घरात पाहावी, असं म्हातारा सांगे.

म्हातारा गेला आणि शहरातला एक भांड्यांचा व्यापारी खाणीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक झाला. माणूस गोड बोलणारा. मुदत भरली की तो पेढ्यांचा पुडा घेऊन येई, जुना रोखा फाडी आणि व्याजासकट नवा लिहून देई. थोरला खूश होई, कारण पैसा न येताही मत्ता वाढे.

अशाच एका दसऱ्याला धाकटा खडा घेऊन पुढे आला.

"दादा, कागद नवा आहे, पण देणं जुनंच आहे. यावर खडा ठेवायला हवा."

थोरला हसला. ज्या रोख्याची मुदत अजून यायची आहे त्यावर खडा कसला, आणि चार लोकांसमोर आपणच आपली मत्ता निम्मी कशाला दाखवायची, असं त्याने समजावलं. धाकट्याने मोठ्या भावाचा मान राखला. त्याने खडा कनवटीला लावला. त्या दिवशी मत्तेचा आकडा बापाच्या वेळेपेक्षा दुप्पट निघाला आणि सगळ्यांनी गूळ खाल्ला. धाकटा पुढच्याही दसऱ्यांना खडा घेऊन येई आणि तसाच परत नेई.

चार वर्षांत रोख्यांची पेटी भरली आणि नाण्यांची थैली चेपली. लाकूडतोड्यांची पुढारीण सागाची मागणी घ्यायला आली, तेव्हा थोरल्याने तिच्यापुढे पेटी उघडली आणि हवा तो रोखा उचल म्हणाला. बाईने कागद उलटसुलट करून पाहिला. तिच्या माणसांना आठवड्याच्या बाजारी धान्य घ्यायचं होतं. ती म्हणाली, "मालक, हे तुम्हाला मिळालं की मला द्या." मग तिने तोडलेलं लाकूड दुसरीकडे विकलं. टेकू तसेच राहिले.

पावसाळ्यात व्यापाऱ्याचा निरोप आला. आणखी दहा गाड्या तांबं द्या, ते विकलं की सगळे रोखे एकदम फेडतो.

"टेकू कुरकुरताहेत, दादा," धाकटा म्हणाला. "आधी लाकूड आणू."

"एवढी एक खेप होऊ दे. मग साऱ्या खाणीला नवा साग."

धाकट्याने भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान डोलावली. माणसांना त्याने खाणीच्या तोंडाशीच थांबवलं, आधी मी बघून येतो म्हणाला आणि एकटा आत गेला. थोड्याच वेळात छत बसलं.

ढिगाऱ्यामागून ठक ठक ऐकू येत होती. तो जिवंत होता. पण टेकू दिल्याशिवाय माती उपसावी तर वरची आणखी खाली येई. थोरला अनवाणी जंगलात धावला. बाईने पैशाचं नावही काढलं नाही, सगळ्यांनी कुऱ्हाडी उचलल्या. पण तोडलेलं लाकूड होतंच कुठे? झाडं उभी होती. ती पाडायला, तासायला आणि चिखलातून ओढून आणायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ठक ठक थांबली.

त्याच आठवड्यात व्यापाऱ्याचं दिवाळं निघालं. त्याच्या दुकानात तांबं नव्हतं, नाणी नव्हती. एक पेटी होती, त्याला इतरांनी लिहून दिलेल्या रोख्यांनी भरलेली.

पुन्हा दसरा आला. सतरंजी अंथरली, कामकरी जमले. थोरल्याने रोखे एकेक करून मांडले. मग धोतराच्या सोग्यातून त्याने एक काळा खडा काढला. भावाला बाहेर काढलं तेव्हा तो त्याच्या कनवटीला सापडला होता. थोरल्याने तो रोख्यांच्या ढिगावर ठेवला, पण त्याचा हात काही त्यावरून उठेना.

एका म्हाताऱ्या कामकऱ्याने हळूच विचारलं, "मालक, आकडा किती धरायचा?"

"काही नाही," थोरला म्हणाला, आणि सगळ्यांसमोर रडला. त्या वर्षी गूळ कुणी खाल्ला नाही.

म्हणून लहानथोरांनो, लक्षात ठेवा: यायचं आहे ते आलं असं धरून चालणाऱ्याच्या चुकीची किंमत बहुधा दुसराच कुणी मोजतो.